डायरेक्ट-इनडायरेक्ट ऑब्जेक्ट कसं ओळखायचं? मदत हवी आहे

मंडळी, पोरीचं इंग्लिश ग्रामर घेतोय, गुरुवारी पेपर हाय. 'शी गेव्ह हिम अ पेन' मध्ये क्रियापदाला 'काय' विचारलं की पेन, म्हणजे डायरेक्ट, आणि 'कुणाला' विचारलं की हिम, म्हणजे इनडायरेक्ट, हितपर्यंत जमतंय. पण 'आय सॉ हिम' मध्ये पण 'कुणाला' विचारूनच उत्तर येतंय की, आणि तिथं हिम डायरेक्ट! आपल्या मराठीत दोन्हीकडं 'ला' लागतोय त्यामुळं पोरगी लई गोंधळतीया. त्यात 'शी गेव्ह अ पेन टू हिम' केलं की एक गाईड म्हणतंय इनडायरेक्टच, दुसरं म्हणतंय नुसता प्रिपोझिशनचा ऑब्जेक्ट, गाईडवाल्यांनी तरी एकमेकांत बोलून घ्यावं राव. कोल्हापुरातले कोण इंग्लिशचे सर-मॅडम असतील तर सांगा, पेपरात काय लिहायचं?