लाँग एक्स्पोजरमध्ये रंगीत ठिपके आणि कडेला जांभळी झाक

निशाचर:
ट्रॅकरवर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे ४ मिनिटांचे एक्स्पोजर घेतोय, आयएसओ १६००. प्रत्येक फोटोत त्याच त्याच जागी लाल-निळे ठिपके येतात, उजव्या कडेला जांभळट उजेड असतो. नॉइज रिडक्शन लावलं की ठिपक्यांबरोबर बारीक तारेही पुसले जातात. सेन्सर गेलाय का?

ध्रुवमत्स्य:
सेन्सर ठणठणीत आहे. उजेड नसला तरी उष्णतेमुळे पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठत राहतात, हा डार्क करंट. काही पिक्सेलमध्ये तो इतरांच्या कितीतरी पट असतो, तेच तुमचे ठिपके. तापमान ६ ते ८ अंश वाढलं की तो साधारण दुप्पट होतो. अवकाशात तर किरणोत्साराने असे नवनवे ठिपकेवाले पिक्सेल (हॉट पिक्सेल) तयार होतात. हबल दुर्बिणीचे थंड ठेवलेले सीसीडी सेन्सर साधारण महिन्यातून एकदा मुद्दाम गरम करतात, त्याने त्यातले बरेच बरे होतात!

नॉइज रिडक्शन आधी बंद करा. तारा कुठला आणि ठिपका कुठला, हे त्याला एका फोटोवरून कळणार तरी कसं? त्यापेक्षा शूटिंग संपल्या संपल्या, कॅमेरा तितकाच गरम असताना, लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे, त्याच आयएसओचे वीसेक काळे फोटो, म्हणजे डार्क, घ्या आणि त्यांची सरासरी मूळ फोटोतून वजा करा. एकच डार्क वजा केलात तर त्याचा स्वतःचा नॉइज फोटोत शिरतो. १६ डार्कची सरासरी काढली की तो चौथाईवर येतो. कडेची झाक सेन्सरशेजारच्या सर्किटची असते, तीही अशाच डार्कने जाते.

वजाबाकी मात्र रॉवरच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवरच करा. रॉमध्ये एका पिक्सेलला एकच रंग असतो. जेपेग बनताना बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, आणि एक बिघडलेला पिक्सेल आजूबाजूचे सगळे बिघडवतो. मग डार्कचा उपयोग नाही.

काजवा:
कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन हेच करतं ना?

ध्रुवमत्स्य:
करतं, पण प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ डार्कसाठी घेतं. अर्धी रात्र त्यात जाते, आणि डार्क मिळतो एकच. एखादाच फोटो हवा असेल तर ठीक, स्टॅकिंगला (बरेच फोटो एकावर एक जुळवून एक करायला) नको.

निशाचर:
थंडीत घेतलेले डार्क उन्हाळ्यात चालतील?

ध्रुवमत्स्य:
कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्यात नाही. ठिपके उरतील. उलट केलंत, म्हणजे उन्हाळ्यातले डार्क थंडीत वापरलेत, तर त्या जागी काळे खड्डे पडतील.

आणि डिदरिंग सोडू नका. दर दोन फोटोंमध्ये ट्रॅकर दहा-बारा पिक्सेल कुठल्याही दिशेला सरकवा, स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमपेक्षा फारच वेगळी किंमत गाळणारी पद्धत) निवडा. तारे जुळवले की उरलासुरला ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतो आणि गाळला जातो. डिदरिंग नसेल तर ट्रॅकिंगच्या हळूहळू सरकण्यामुळे तेच ठिपके स्टॅकमध्ये तिरक्या रेघा होतात. त्या काढणं फार जिकिरीचं.

काजवा:
माझ्या फोटोंत धूसर गोल कडी दिसतात, तीही डार्कने जातील?

ध्रुवमत्स्य:
नाही, ती धुळीची सावली. त्याला फ्लॅट लागतो. फोकस न बदलता आणि लेन्स कॅमेऱ्यावरून न काढता-फिरवता एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो घ्या. फोटोला फ्लॅटने भागायचं असतं, वजा नाही करायचं.