आठवड्यातून दोन डायलिसिस पुरतात का? आण्णा तिसऱ्याला तयार नाहीत

बेदाणाशेड_तासगाव

नमस्कार मंडळी. आमचे आण्णा, वय 63. साखरेमुळे किडन्या गेल्या. मागच्या दिवाळीपासून मिरजेत डायलिसिस चालू आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी. डाव्या हाताला फिश्चुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी. योजनेत बसतंय, त्यामुळे मशीनचे पैसे लागत नाहीत. खर्च होतो तो गाडीचा, शिवाय घरातल्या एकाचा अख्खा दिवस जातो.

आता डॉक्टर म्हणतात तिसरं वाढवा. आण्णा ऐकत नाहीत. "दोनवर मी शेडवर येऊन बसतोय, हिशोब बघतोय, मग आणखी सुया कशाला?" असं त्यांचं म्हणणं. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, 55 किलो आहे. शुक्रवारी अडीच-तीन किलो वाढून जातात, पण मंगळवारी जवळजवळ चार. मग शेवटच्या तासाला बीपी खाली येतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि एसटी चुकेल म्हणून ते अर्धा तास आधीच काढायला लावतात. घरी आले की जेवणसुद्धा नको असतं.

पुण्याचे मेहुणे सांगतात की तिकडे एचडीएफ नावाचं नवं मशीन आहे, त्यावर न्या.

आण्णा जुने बीकॉम आहेत. "डॉक्टर म्हणतात म्हणून" हे कारण त्यांना चालत नाही, आकडा दाखवला तर मानतात. तीन वेळा करण्यामागे खरंच काही संशोधन आहे का? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा.

डायलिसिसवाला_मिरज

दादा, मी टेक्निशियन आहे, बरीच वर्षं याच कामात आहे. औषध आणि वेळापत्रक डॉक्टरच ठरवणार, पण आकडे मी देतो. ते आण्णांना वाचून दाखवा.

आधी मोकळ्या दिवसांचं बघा. अमेरिकेत तीनदा डायलिसिस घेणाऱ्या 32 हजारांहून जास्त पेशंटची माहिती तपासून 2011 साली एक अभ्यास छापून आला. तीनदा घेणाऱ्यालाही आठवड्यात एकदा सलग दोन दिवस मोकळे जातात. त्या दोन दिवसांनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण दर 100 पेशंट-वर्षांमागे (100 पेशंट वर्षभर पाहिले असं धरून) 22.1 होतं, बाकीच्या दिवशी 18.0. हृदयाच्या तक्रारीने ॲडमिट होणंही त्याच दिवशी जास्त. आता आण्णांचं कॅलेंडर घ्या. मंगळवार ते शुक्रवार मध्ये दोन दिवस मोकळे, शुक्रवार ते मंगळवार तीन. म्हणजे त्या अभ्यासात जो सगळ्यात मोठा खंड धोक्याचा निघाला, तो आण्णांचा लहान खंड आहे. मंगळवारीच त्यांना का त्रास होतो याचं उत्तर इथे आहे. तीन दिवस पोटॅशियम आणि पाणी साठत राहतं, आणि एका दुपारी आपण ते सगळं ओढून काढायला बघतो.

आता अर्ध्या तासाचं. माझा सगळा जीव या मुद्द्यात आहे, कारण रोज कुणी ना कुणी हात जोडून म्हणतं, "भाऊ, लवकर सोडा." पाणी काढायचा वेग किलोमागे तासाला 13 मिलिलिटरच्या वर गेला की हृदयविकाराने मरण्याचा धोका वाढतो, असं 2011च्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. आण्णांच्या 55 किलोला 13 म्हणजे तासाला 715 मिलिलिटर. चार तासांत 2.86 लिटर. त्यांचं शुक्रवारचं वजन या हद्दीच्या आसपास बसतं, मंगळवारचं बसत नाही. चार लिटर चार तासांत काढायचे तर वेग 18 होतो. साडेतीन तासांत काढले तर जवळजवळ 21. बीपी पडणं, गोळे येणं, घरी जाऊन आडवं होणं हे त्या 21 मुळे होतं. सुईमुळे नाही, मशीन खराब असल्यामुळे नाही. पाणी रक्तात असतं तेवढंच मशीन घेऊ शकतं. अंगात मुरलेलं पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिला नाही की रक्तदाब ढासळतो. दर वेळी असा ढासळला की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पोचतं, आणि ते नुकसान साठत जातं.

आण्णा म्हणतील, मग दोनच ठेवा पण मशीन जोरात चालवा. 2002 साली हेमो नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, 1846 पेशंटची. तीन बैठका तेवढ्याच ठेवून प्रत्येक बैठकीत शुद्धीकरणाचा डोस वाढवला. मृत्यू कमी झाले नाहीत. याउलट 2010 साली अमेरिका-कॅनडातल्या 245 जणांवरच्या, आठवड्यातून सहा विरुद्ध तीन अशा चाचणीचा निकाल आला. सहा वेळा घेणाऱ्यांचं जाड झालेलं हृदय सुधारलं, त्यांना स्वतःलाही बरं वाटलं. फिश्चुलाच्या दुरुस्त्या मात्र वाढल्या. त्यामुळे मी कुणाला सहा वेळा या म्हणत नाही. पण वारंवारता वाढवल्याचा फायदा हृदयाला होतो, हे त्यातून दिसतं.

एचडीएफ, म्हणजे साध्या डायलिसिसपेक्षा जास्त पाणी गाळून रक्त साफ करायची पद्धत, चांगलं आहे. युरोपातल्या आठ देशांत 1360 पेशंटवर चाचणी झाली, निकाल 2023 मध्ये आला. साध्या डायलिसिसवर 21.9 टक्के दगावले, एचडीएफवर 17.3 टक्के. पण ती माणसं आठवड्यातून तीनदा पूर्ण वेळ मशीनवर बसत होती, त्यांचा फिश्चुला भरपूर रक्त देत होता. दोनदा साडेतीन तास बसणाऱ्याला पुण्याला जाऊन तो फायदा मिळणार नाही. त्या प्रवासाला लागणारे पैसे तिसऱ्या फेरीच्या गाडीला घाला.

एक गोष्ट आण्णांच्या बाजूने. दोन बैठकांवर काही जण खरंच ठीक राहतात, ज्यांच्या स्वतःच्या किडन्या अजून थोडं काम करतात ते. आण्णांना दिवसाला लघवी किती होते हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते मोजल्याशिवाय दोन की तीन हा वादच अर्धवट आहे.

विट्याची_सुमन

मी स्वतः पेशंट आहे, आठवड्यातून तीनदा घेते. सुरुवातीला दोनच होते, आण्णांसारखीच मीही हट्ट धरून होते. तिसरं लागल्यावर दर वेळी काढायचं पाणी कमी झालं आणि संध्याकाळी स्वयंपाकाला उभी राहायला लागले. मला तेवढं पुरलं.

भाऊ, तुमचं नाव वाचून काळजी वाटली. आण्णा दिवसभर शेडवर बसतात म्हणजे येता-जाता बेदाणा तोंडात जाणारच. 100 ग्रॅम बेदाण्यात साधारण 750 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तेवढ्याच ताज्या द्राक्षांत 200च्या आसपास. द्राक्षाचे पाचसहा मणी चालतील का ते आहारतज्ज्ञांना विचारा, पण बेदाण्याचा ट्रे त्यांच्या समोरून हलवा. पोटॅशियम वाढलं की लक्षण न दिसताच ठोके बिघडतात. शहाळं कुणी प्रेमाने आणलं तरी परत करायचं.

आणि पाणी कमी प्या असं नुसतं ओरडून काही होत नाही. तहान मिठाने लागते. आमच्याकडे चारच्या चहाबरोबर भडंग असायचं, शिवाय ताटात लोणचं, पापड. ते बंद केलं तेव्हा दोन बैठकांमधलं वजन आपोआप उतरलं. लो सोडियम मीठ मात्र चुकूनही आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. सैंधवही साध्या मिठासारखंच मोजून वापरा.

कराडकर_भाऊ

वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय. फक्त दोन गोष्टी विचारून ठेवा. एक, पोटातलं डायलिसिस. पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडून काही तासांनी काढायचं, दिवसातून तीन-चार वेळा, घरीच. मिरजेच्या फेऱ्या वाचतात, पाणी रोज निघत राहतं म्हणून हृदयावर धक्का कमी बसतो. हात आणि जागा स्वच्छ ठेवणारं माणूस घरात हवं, नाहीतर पोटात जंतू जातात. माझ्या आईचं असंच चाललंय. दुसरं, प्रत्यारोपण. आण्णांचं हृदय तपासून डॉक्टर हो म्हणाले तर पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारी संस्था) यादीत नाव लावायचं बघा. घरात देणारं कुणी असेल तर नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा आणि नातवंडं कायद्याने जवळचे नातेवाईक धरले जातात.

बेदाणाशेड_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आण्णांना 13चा हिशोब वहीवर मांडून दाखवला. त्यांनी स्वतः मागच्या महिन्याचे चार्ट काढून प्रत्येक मंगळवारचा वेग काढला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, लघवी मोजून बघू, आणि तोवर पूर्ण चार तास बसतो. तिसऱ्याला अजून हो म्हणाले नाहीत. सुमनताई, बेदाण्याचा ट्रे आईने आजच आत नेला.

लघवी नेमकी कशी मोजायची?

डायलिसिसवाला_मिरज

चार तास बसतो म्हणाले, याचा मला फार आनंद झाला. परतीच्या एसटीची वेळ सिस्टरला सांगून ठेवा, शिफ्टमध्ये आधी लावता येतं का ते त्या बघतील.

लघवी अशी मोजा. सोमवारी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. तिथून पुढची सगळी, रात्रीचीसुद्धा, एकाच स्वच्छ कॅनमध्ये. मंगळवारी सकाळी त्याच वेळची लघवी त्यात धरायची आणि कॅन बंद करायचा. शौचाला जाताना जी होते ती सुटते, म्हणून आधी कॅनमध्ये करून मग जायला सांगा. मंगळवारी येताना कॅन भरलेला असेल तसा घेऊन या, बाटलीत थोडी ओतून आणू नका. एकूण किती झाली हे आम्हाला मोजायचं आहे, आणि त्याच दिवशी मशीनला लावण्याआधी रक्त घेऊन दोन्हीतला युरिया तपासायचा आहे. डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून तपासणीची चिठ्ठी तयार ठेवायला सांगा.