उत्तर: एडिन जेको फक्त हेडरवाला?

बोस्नियाचा फुटबॉल स्ट्रायकर जेको, त्याला वर कुणीतरी ‘उंच म्हणून हेडर (डोक्याने गोल) मारणारा’ म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. सारायेवोच्या झेल्येझ्निचार क्लबमध्ये तो मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) होता, आणि ते शिक्षण त्याच्या खेळात कायम राहिलं. दोन्ही पाय सारखेच चालतात. वोल्फ्सबुर्ग क्लबने २००८-०९ची बुंडेसलिगा (जर्मनीची मुख्य लीग) जिंकली तेव्हा त्याचा साथीदार ग्राफिटेचे २८ आणि जेकोचे २६ गोल होते. इटलीच्या रोमा क्लबात पहिल्या मोसमात लीगमध्ये फक्त ८, पुढच्यात २९! तिथे तो गोलकडे पाठ करून खाली येई, समोरच्या संघाचा सेंटरबॅक (मधला बचावपटू) त्याच्यामागे ओढला जाई आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याचा साथीदार सलाह धावे. हे काम गोलांच्या आकड्यांत दिसत नाही. हो, सोपे चान्स तो घालवायचा, हे मात्र खरं.