केसपेपरवर ‘पाय वाकडा’ एवढंच लिहून भागतं का?

झाडीपट्टीतली फिजिओ

सोमवारी एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. धानाच्या रोवणीला जाणारा माणूस, अजून पन्नाशी गाठली नाही. पाऊल लटकतं, म्हणून प्रत्येक पावलाला गुडघा उंच उचलावा लागतो. चप्पल निसटू नये म्हणून सुतळीनं घोट्याला बांधलेली. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून तीन दवाखान्यांचे तीन केसपेपर निघाले. पहिल्यावर ‘पाय वाकडा’ आणि दुखण्याच्या गोळ्या. दुसऱ्यावर ‘अँकल डिफॉर्मिटी’. तिसऱ्यावर ‘फूट ड्रॉप, उजवा’, म्हणजे उजवं पाऊल लटकतं. पाय डावा आहे! कधीपासून, हे एकाही कागदावर नाही.

मी गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हात लावला तर नस दोरीसारखी जाड. पिंढरीवर फिकट चट्टा, त्यावर कापूस फिरवला तरी कळत नाही. बाई म्हणाल्या, “दिवाळीच्या आधीपासूनच पाय घासते जी.” पहिला केसपेपर डिसेंबरचा आहे. कुष्ठरोगात नसेची ताकद जाऊन सहा महिने झाले नसतील तर स्टेरॉइडच्या कोर्सनं ती परत येण्याची आशा असते. आता रोवणी सुरू आहे. हिशेब तुम्हीच करा.

घोट्याच्या व्यंगाची नोंद करताना कोणता पाय, जन्मापासून की नंतर, कशामुळे, कधीपासून आणि हातानं सरळ होतो की आखडला आहे, एवढं लिहिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला, कोडही त्यावरूनच ठरतो.

पीएचसीवाला

ताई, वाचून वाईट वाटलं. पण तुमचं निदान चुकतंय. त्याचा आजार लिहिण्यात नाही, तपासण्यात हुकला. नसेला कोणी हात लावला असता तर ‘पाय वाकडा’ लिहूनही तो वेळेत कुष्ठरोगाच्या औषधाला लागला असता. आणि हात लावला नसताना पाच रकाने भरले असते, तरी ते खोटेच भरले असते.

पावसाळ्यात माझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत दीडशे माणसं असतात, एक विंचू चावलेला, दोन फवारणीतून विषबाधा झालेले. वर रजिस्टरं, ऑनलाइन नोंदी. त्यात घोट्याचा कोड शोधत बसू? कोडिंग विम्याच्या क्लेमसाठी आहे, ते त्यांनी करावं.

कोडर, अमरावती

डॉक्टरसाहेब, मी सात वर्षं अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट वाचून आजारांना कोड देतो, म्हणून बोलतो. जे लिहिलं नाही ते कोडरला धरता येत नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तिकडच्या आयसीडी-१०-सीएममध्ये घोटा आत वळला तर उजव्यासाठी एम२१.१७१, डाव्यासाठी एम२१.१७२. जन्मतः असेल तर तो या गटात येतच नाही, क्यू६६ मध्ये जातो. नुसतं ‘डिफॉर्मिटी’ लिहिलं की आमच्या हाती ‘अनिर्दिष्ट’ उरतं.

पण ताई, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. डॉक्टरला कोड टाकायला लावला की तो घाईत यादीतला पहिलाच निवडतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये क्लबफूटचा, म्हणजे जन्मतः आत मुरडलेल्या पावलाचा, कोड क्यू६६.०, त्यात डावा-उजवा नाहीच. म्हणजे बाजू शब्दांतच लिहावी लागणार. तुमच्या पेशंटचंच घ्या. कुष्ठरोग चालू असेल तर ए३०, बरा होऊन व्यंग मागे राहिलं असेल तर बी९२. हे मी कसं ठरवू? ते तपासणाऱ्यानंच लिहायला हवं.

वणीकर

मी डॉक्टर नाही, पण राहवलं नाही. आमच्या भाचीचा पाय जन्मतः आत मुरडलेला. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं होतं. मधेच जावयांचं काम दुसऱ्या जिल्ह्यात लागलं, बिऱ्हाड हललं. आम्ही पार घाबरलो, आता पहिल्यापासून सुरू करतील म्हणून. पण कार्डावर तिथल्या डॉक्टरनं लिहिलं होतं: ‘डावा, जन्मतः, पिराणी ४.५, तिसरं प्लास्टर, पुढचं अमुक तारखेला’. पिराणी म्हणजे पाय किती वाकडा याचे गुण. नव्या डॉक्टरनं कार्ड वाचलं, पाय तपासला आणि चौथं प्लास्टर घातलं. आज पोरगी अंगणवाडीत पळते, रात्री तेवढा बूट-पट्टा असतो.

साहेब, राग नका मानू. तुमच्या दीडशे माणसांत आमच्यासारखं एखादं लेकरू असते. त्याच्यासाठी एक ओळ लिहा.

झाडीपट्टीतली फिजिओ

पीएचसीवाले सर, तपासणी हुकली हे मान्य. पण ‘कधीपासून’ लिहायचं म्हटलं की विचारावंच लागतं. ‘दोन महिन्यांपासून, मार नाही’ असं उत्तर आलं की पोलिओ नाही, जुनं फ्रॅक्चर नाही, मग काय, हा प्रश्न डोक्यात येतोच. लिहिण्यातून तपासणी घडते, म्हणून मी अडून बसले आहे. उद्या या माणसाला दिव्यांग प्रमाणपत्र लागेल. २०१६ च्या कायद्यात कुष्ठरोगमुक्त ही वेगळी नोंद आहे. बोर्डासमोर तो हेच तीन कागद ठेवणार का?

पीएचसीवाला

‘कधीपासून’बद्दल तुमचं पटलं. बाजूबद्दल वाद नव्हताच, डाव्याचं उजवं लिहिणं ही चूकच. ‘आखडला की नाही’ हे मात्र प्रत्येक ओपीडीत होणार नाही. ते तुमचं काम, माझ्याकडून रेफर होईल.

झाडीपट्टीतली फिजिओ

आखडण्याचं मी बघते, पण रेफर लवकर करा. या माणसाची टाच आता जमिनीला पूर्ण टेकत नाही, डिसेंबरात कदाचित टेकत असेल. परवा त्याला कुष्ठरोग तंत्रज्ञाकडे पाठवलं. कागदावर लिहिलं: ‘डावा फूट ड्रॉप, दिवाळीआधीपासून, मार नाही, गुडघ्याजवळची नस जाड, बधिर चट्टा, टाचेची शीर आखडू लागली’. घड्याळ लावून बघितलं, मिनिटही लागलं नाही. हवं तर याच रकान्यांचा रबरी शिक्का बनवून देते.

पीएचसीवाला

पाठवा शिक्का. सोमवारच्या ओपीडीत वापरून बघतो. कोडचा रकाना मात्र त्यात टाकू नका.