मदत हवी आहे : पहिला स्वतःचा ट्रेलर. ओळखीतली बीएस-४ की यार्डातली बीएस-६?

नमस्कार मंडळी,

बारा वर्षं दुसऱ्याचा ट्रेलर चालवतोय. न्हावाशेवा ते सिन्नर-अंबड, कधीमधी वाळूज. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. शेठशी भांडण नाही, उलट महिन्याला सहा फेऱ्या ते स्वतःच देणार म्हणालेत. बाकीच्या बाहेरून उचलीन. चालवणार मीच, ड्रायव्हर ठेवणार नाही.

हातात ७ लाख आहेत. दोन गाड्या बघितल्या, दोन्ही १८ टायरी, घोडा (म्हणजे पुढची ओढणारी गाडी) आणि ४० फुटी ट्रेलर मिळून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अख्खा धागा टाटा की लेलँड यातच संपेल.

पहिली जानेवारी २०१८ ची, बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली. मालक आमच्याच तालुक्यातले, वय झालंय म्हणून विकतायत. साडेबारा लाख सांगतात. ८ लाखांचं कर्ज, १७ टक्के व्याज, ३६ महिने, म्हणजे साडेअठ्ठावीस हजारांचा हप्ता. अडीच लाख हातात राहतात.

सकाळी सातला येतो असं सांगून गेलो होतो. गेलो तर सायलेन्सर आधीच गरम. "आत्ताच गाडीची जागा बदलली," म्हणाले. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. उडालं नाही, पण थरथरत होतं. मीटरवर ३ लाख ९० हजार, आणि क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, खालचं लोखंड दिसतंय. एवढ्या किलोमीटरला रबर इतकं जात नाही, निदान माझ्या पायाखाली तरी गेलेलं नाही. ट्रेलरला लांब गर्डरवर एका ठिकाणी ताजा रंग दिसला. नखाने खरवडला तर खाली वेल्डिंगची रेघ. मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत.

दुसरी २०२१ ची, बीएस-६. हप्ते थकले म्हणून फायनान्सने ओढून आणलेली, पनवेलकडच्या एका यार्डात सात महिने उभी. "जशी आहे तशी", साडेएकवीस लाखांपर्यंत जाईल म्हणतात. साडेपंधरा लाख कर्ज १४ टक्क्यांनी ४८ महिने धरलं तर हप्ता साडेबेचाळीस हजारांच्या आसपास, आणि हातात फक्त एक लाख. कॅबिन मस्त, टायर ६० टक्के. पण बॅटरी उतरलेली, चालवून बघू देत नाहीत. धूर साफ करायला जो युरिया लागतो, त्याच्या टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे जमलेत.

सिन्नरची एक फेरी येऊन-जाऊन सव्वाचारशे किलोमीटर, सव्वाशे-एकशेतीस लिटर डिझेल. डिझेल रोख, आणि भाड्याचा बॅलन्स पोच दिल्यावर महिना-दीड महिन्याने. हे गणित मला आजवर करावंच लागलं नव्हतं.

कोणती घेऊ? की दोन्ही सोडू?

प्रतिसाद १

दादा, बीएस-४ की बीएस-६ ते नंतर. आधी आरसी बघा, पासिंग (मालासकट कायद्याने चालणारं एकूण वजन) किती टनाचं आहे? जुलै २०१८ मध्ये ॲक्सल लोड वाढला. त्याआधी दोन ॲक्सलचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर मिळून ४०.२ टन होतं, नंतर ४५.५ झालं. तुमची जानेवारीची, म्हणजे जुन्या पासिंगची असणार.

आता हिशेब करा. घोडा-ट्रेलर रिकामे साडेतेरा टन धरा. रिकामा ४० फुटी डबा (कंटेनर) ३.८ टन. उरले २२.९. तेवीस टन मालसुद्धा कायद्यात बसत नाही. ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. शेठच्या गाडीवर दंड शेठ भरत होते, इथे तुम्ही भरणार. तुमच्या फेऱ्यांत जड डबे किती असतात ते आधी काढा.

हातातल्या पैशाबद्दल : एक लाखावर धंदा सुरू करू नका. नऊ फेऱ्यांचं डिझेलच लाखावर जातं. पहिला बॅलन्स यायच्या आत टायर फुटला तर हप्ता चुकतो आणि गाडी पुन्हा त्याच यार्डात.

प्रतिसाद २

मी फिटर आहे, माझं ट्रेलरचंच काम असतं.

गर्डरला वेल्डिंग दिसलं म्हणून लगेच गाडी सोडू नका, ते कुठे आहे ते बघा. खाली झोपा, टॉर्च मारा. गर्डरच्या खालच्या पट्टीवर आडवी रेघ असेल तर ट्रेलर घेऊ नका, लोडवर ती पट्टी ताणली जाते आणि तिथूनच पुन्हा फाटते. ट्रेलर उभा करायचे पाय आणि किंगपिन (घोड्यात अडकते ती पिन) यांच्यामधल्या भागातही वेल्डिंग नको. वरच्या बाजूला, डबा पकडणाऱ्या ट्विस्ट लॉकच्या ब्रॅकेटपाशी असेल तर ते सगळ्याच ट्रेलरना असतं. घोडा सोडवून किंगपिनला व्हर्नियर लावा. दोन इंची पिन नवी असताना ५०.८ मिमी असते, ४९ ला आली की बदलायची.

झाकण थरथरतं एवढ्यावरून काही कळत नाही. लोड लावून कसारा घाट चढवा. आता समृद्धी इगतपुरीपासून आमण्यापर्यंत उघडल्यापासून बरेच जण घाट टाळतात, पण गाडी बघायला घाटासारखी जागा नाही. वर पोचल्यावर लगेच झाकण काढा. धूर जोरात फेकत असेल तर बोअर-पिस्टनचा खर्च किमतीतून कापा. मीटरचं खरंखोटं चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधल्या जुन्या सर्व्हिसवरून कळतं, मालकाला सोबत नेऊन हिस्टरी काढून घ्या.

यार्डातल्या गाडीचे ते पांढरे खडे म्हणजे वाळलेला युरिया. टाकीपुरते असतील तर धुऊन निघतील. पंप आणि नोझलपर्यंत गेले असतील तर कॅबिन कितीही मस्त असो, मीटरमध्ये वॉर्निंगचा लाइट पेटलेला आणि गाडी ओढ घेत नाही, असं होईल. चालवून न बघता मी तरी हात लावणार नाही.

प्रतिसाद ३

कागदांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. घोडा आणि ट्रेलर दोघांच्या आरसी वेगवेगळ्या मागा, दोन्हीवर बोजा आहे का बघा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन नंबर टाकून आजच बघून घ्या, आणि जुना फास्टॅग मालकाला बंद करायला लावा. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ मालगाड्यांना दिल्लीत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा आहे. तुम्ही तिकडे जाणार नाही, पण पुढे विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हे बोलूनच भाव पाडेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, विशेषतः पासिंगवाल्या दादांचे. आरसी बघितली, ४० टन २०० किलोच आहे. बारा वर्षं वजनकाट्यावर गाडी लावतोय आणि हे डोक्यात आलं नाही!

काल रात्री गेल्या वर्षाची डायरी काढली. एकूण ९७ फेऱ्या, ४० फुटी ६१. त्यातल्या तेवीस टनांच्या वरच्या १९. जवळपास सगळा प्लास्टिकचा दाणा, पावणेपंचवीस टनी, आणि थोडी रद्दी. शेठना फोन केला. म्हणाले, दाणा मी माझ्या ४५ टनी गाडीला लावतो, तुला हलके डबे आणि २० फुटी देतो, पण मग हलक्याचं भाडं हलकं. बरोबरच आहे त्यांचं.

यार्डातली सोडली. पहिलीला पावणेअकरा म्हणून बघतो, साडेबारा तर नक्कीच देत नाही. फिटर दादा, खालच्या पट्टीचं मला अंधारात नीट दिसलं नव्हतं. उद्या पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन जातोय, या वेळी न सांगता. गाडी थंड असेल तेव्हाच चालू करून बघतो. फोटो काढता आले तर इथेच टाकतो, रेघ बघून सांगा.