किरणोत्सर्ग, प्रारण की विकिरण?

पारिजात: आमच्या गटावर एक मजकूर फिरतोय, 'उपग्रह इंटरनेटमुळे आकाशातून सूक्ष्मलहरींचा पर्यावरणीय किरणोत्सर्ग'. किरणोत्सर्ग शब्द खटकतोय. मग म्हणायचं काय?

जुना रेडिओ: खटकायलाच हवा. किरणोत्सर्ग हा मराठीत युरेनियम, रेडियम, कोबाल्ट-60 यांच्यासाठी रुळलेला शब्द. अणूचं केंद्रक अस्थिर असलं की ते आपणहून कण किंवा गॅमा किरण बाहेर टाकतं, तो किरणोत्सर्ग. चेर्नोबिल आणि फुकुशिमाच्या बातम्यांनी तो घरोघरी पोचवला, म्हणून नुसता ऐकला तरी धास्ती वाटते. उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किमीवरून 10.7 ते 12.7 गिगाहर्ट्झच्या लहरी खाली पाठवतात. घरावरची तबकडी 14 ते 14.5 वर उत्तर देते. डीटीएचची छत्री याच सुमाराच्या लहरी कधीपासून झेलतेय. अणूतला इलेक्ट्रॉन उडवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या लाखाव्या भागाइतकीही या लहरींच्या एका फोटॉनमध्ये नसते. तीव्रता फार वाढली तर ऊब निर्माण होते, आणि सुरक्षेच्या मर्यादा मुख्यतः त्यावरच बेतलेल्या आहेत. काळजी करायची तर तिची करा, पण शब्द अणुभट्टीतून उसना आणू नका.

शब्दवेडी: विश्वकोशात 'रेडिएशन'साठी 'प्रारण' आहे, त्यात प्रकाश, उष्णता, रेडिओ सगळं बसतं. बोलताना मात्र कोणी वापरत नाही, उच्चारायलाही अवघडच. 'विकिरण' हिंदीत सर्रास चालतो, पण मराठीत त्याला वेगळं काम मिळालंय. लासलगावच्या केंद्रात अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर गॅमा किरण सोडतात, त्याला आपण विकिरण प्रक्रिया म्हणतो. तिथे किरण मुद्दाम मालावर सोडलेले असतात. 'पर्यावरणीय'ही उगाच, सांगायचंय ते 'सभोवतालचं'. आणि 'सूक्ष्म'ने फसू नका हं! 12 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर असते. आकाशवाणीच्या शेकडो मीटरच्या मध्यम लहरींपुढे ती सूक्ष्म, एवढंच.

पारिजात: म्हणजे 'उपग्रहाच्या सूक्ष्मलहरी' एवढंच पुरे? प्रारणसुद्धा नको?

जुना रेडिओ: बातमीत पुरे. पाठ्यपुस्तकात प्रारण राहू दे.

खोडदचा शेजारी: एक राहिलं. 2023 मध्ये युरोपातल्या लोफार रेडिओ दुर्बिणीने स्टारलिंकच्या उपग्रहांमधून 110 ते 188 मेगाहर्ट्झमध्ये येणारी कुजबुज टिपली. ही इंटरनेटची लहर नव्हे. आतल्या इलेक्ट्रॉनिक सामग्रीतून नकळत निसटणारी. माणसाला तिचं काही नाही, पण रेडिओ खगोलशास्त्रज्ञांची झोप उडते, आणि आमच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही 120 मेगाहर्ट्झच्या पुढे ऐकते. हिला काय म्हणाल?

शब्दवेडी: 'उत्सर्जन' म्हटलं तर मुद्दाम पाठवलेली लहरही त्यातच येते. मी 'गळती' म्हणेन.

खोडदचा शेजारी: गळती चालेल. नळाचीच आठवण होते, पण अर्थ बरोबर पोचतो.