उखळी तोफांची धुराडी: ट्रिप बंधूंच्या वाड्याकडे कसे पाहावे?

ओसरी: अ‍ॅमस्टरडॅममधील क्लोव्हेनियर्सबुर्गवाल कालव्याकाठचा ट्रिपेनहाउस हा वाडा लुई आणि हेंड्रिक ट्रिप या भावांनी १६६० ते १६६२ या काळात बांधून घेतला. धंदा लोखंडाचा आणि शस्त्रांचा. छपरावरची धुराडीसुद्धा उखळी तोफांच्या आकाराची. वास्तुकार युस्टुस विंगबोन्सच्या उंच स्तंभांचे कौतुक अवश्य करावे, परंतु हा पैसा कशातून आला, ते आधी सांगावे, असे माझे मत आहे.

चिरेबंदी: असहमत. मालकाने स्वतःच जे छपरावर मिरवले, त्याची वेगळी दवंडी कशाला? शिवाय १८१२पासून ही वास्तू विद्वत्संस्थेकडे आहे आणि १८१७ ते १८८५ या काळात रेइक्सम्युझियम हे नेदरलँड्सचे राष्ट्रीय संग्रहालयही येथेच होते. म्हणजे रेम्ब्राँटचे ‘नाइट वॉच’ हे चित्र लोकांनी याच भिंतींवर पाहिले. दोन शतकांच्या या ज्ञानव्यवहारापुढे एका कुटुंबाचा व्यापार किती काळ उगाळायचा?

ओसरी: मिरवण्यालाच तर माझी हरकत आहे. दर्शनी भागावर तोफांच्या जोडीला ऑलिव्हच्या फांद्या, म्हणजे शांततेची खूणही कोरली आहे. तोफा विकणाऱ्याने शांततेची ग्वाही द्यावी, याला आपल्याकडे शहाजोगपणा म्हणतात. हा वाडा पुढे चांगल्या कामी आला म्हणून तो शहाजोगपणा पुसला जात नाही.

पागोळी: दोघेही याला एक घर समजून बोलत आहात. तो एकसंध दर्शनी भाग म्हणजे दोन भावांच्या दोन स्वतंत्र घरांवर चढवलेला मुखवटा आहे, आणि मधली भिंत जिथे येते तिथल्या खिडक्या केवळ दिखाव्याच्या होत्या. मला तरी धुराड्यांपेक्षा या खिडक्या अधिक बोलक्या वाटतात.

चिरेबंदी: खिडक्यांचे मान्य. पण समोरच्या, जेमतेम अडीच मीटर रुंदीच्या घराची कथाही सांगा की! ‘तुमच्या दाराएवढे रुंद घर मिळाले तरी पुरे’ असे ट्रिपांचा गाडीवान म्हणाला आणि मालकाने त्याला ते बांधून दिले.

ओसरी: कथा गोड आहे; मात्र ते घर १६९६ सालचे, हेंड्रिक १६६६मध्ये वारला आणि लुई १६८४मध्ये. हे औदार्य त्यांच्या नावावर नंतर कोणीतरी जमा केलेले दिसते.